नदीच्या पात्रातले आणि काठावरचे बोअर: कोकणातल्या अडचणीच्या जागी भूस्तर तपासणी कशी करावी

पुलाच्या नकाशावर संकल्पक अभियंता बोअरसाठी, म्हणजे जमिनीखालचे थर तपासायच्या छिद्रांसाठी, पाच ठिपके काढतो आणि त्यांना बीएच-१ ते बीएच-५ अशी नावे देतो. कागदावर हे पाचही ठिपके सारखेच दिसतात. जागेवर गेल्यावर कळते की पहिला ठिपका नऊ मीटर उंच दरडीच्या अगदी कडेला आहे, दुसरा आणि तिसरा वाहत्या पाण्यात आहेत, चौथा ओहोटीला उघड्या पडणाऱ्या मांडीभर चिखलात आहे आणि पाचवा कोणाच्या तरी आमराईत, कुंपणापलीकडे आहे. कोकणातल्या सावित्री, वाशिष्ठी, कुंडलिका यांसारख्या नद्यांवर काम करणाऱ्यांना हे चित्र नवे नाही. अशा जागी बोअर घेण्याची जबाबदारी ज्या तरुण अभियंत्यावर पहिल्यांदा येते, त्याच्यासाठी हे लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. यंत्र खडक कापतेच, ते त्याचे कामच आहे. नदीतल्या बोअरची माहिती बहुतेक वेळा दोन कारणांनी बिघडते. एक तर यंत्र ठरलेल्या जागेपर्यंत पोहोचलेले नसते आणि ते गुपचूप सरकवलेले असते. नाही तर खोली नेमकी कुठून मोजली हे कोणी लिहून ठेवलेले नसते.

पात्रातच बोअर कशाला?

दोन्ही काठांवर बोअर घेऊन मधला खडक सरळ रेषेने जोडून टाकावा, असा मोह प्रत्येक ठेकेदाराला आणि काही वेळा खात्यालाही होतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हा मोह महागात पडतो. नदीने आपला मार्ग बहुधा खडकातल्या कमकुवत रेषेवरून, म्हणजे भेगांच्या पट्ट्यावरून किंवा डाइकच्या (भेगेत उभ्या भिंतीसारख्या थिजलेल्या लाव्हाच्या) कडेने, कोरून काढलेला असतो, आणि किनारपट्टीच्या पट्ट्यात असे डाइक पुष्कळ आहेत. त्यामुळे दोन्ही काठांना पाच मीटरवर काळा कातळ लागला तरी मधल्या खांबाखाली तो पंधरा मीटरवर असू शकतो, किंवा चार मीटर घट्ट कातळाखाली तांबड्या बोलाचा, म्हणजे दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातकट खडकाचा, मऊ थर दडलेला असू शकतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ७८ या संहितेचा रोख पुलाच्या प्रत्येक पायाच्या जागी तपासणी करण्याकडे आहे, तो याच कारणाने.

महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून ‘पूल साडेपाच महिन्यांत होतो, मग तुमच्या तपासणीला दोन महिने कशाला?’ हा प्रश्न बैठकांत ऐकू येतो. पात्रातल्या एका बोअरचे प्रत्यक्ष ड्रिलिंग तीन-चार दिवसांत होते. उरलेला वेळ तिथे पोहोचण्यात, स्थिर उभे राहण्यात आणि परत येण्यात जातो, आणि वेळापत्रक त्याच हिशोबाने आखावे, हे त्याला उत्तर.

आधी नदी पाहावी

पात्रातले काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत संपवावे. मेचा शेवटचा आठवडा हिशोबात धरूच नये, कारण वळवाची एक सर घाटमाथ्यावर पडली तरी खाली पाणी गढूळ होऊन चढते आणि तराफ्याचे दोर ताणले जातात.

तारीख ठरवण्याआधी किमान दोन दिवस नुसते काठावर बसून नदी पाहावी. खाडीच्या पट्ट्यात भरती-ओहोटीचा अंदाज घेण्यासाठी कोळ्यांचा जुना हिशोब आजही उपयोगी पडतो: तिथी पाऊणपट केली की किनाऱ्यावरच्या भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. आपण मुखापासून जितके आत असू तितकी भरती उशिरा येते, म्हणून हा हिशोब किनाऱ्याचा आहे हे विसरू नये. काठावर सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू पक्का रोवावा, दर अर्ध्या तासाने पातळी लिहावी आणि त्या जागेचे स्वतःचे कोष्टक तयार करावे. तराफा जागेवर नेणे, नांगर टाकणे, केसिंग (बोअरची भिंत ढासळू नये म्हणून घातलेला लोखंडी नळ) पहिल्यांदा तळात बसवणे ही नाजूक कामे भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे ठेवावीत. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते आणि पातळीतला फरकही मोठा असतो.

भरतीच्या पट्ट्याच्या वर गेलो म्हणजे पाणी शांत असेल, हा समज कोकणात खरा ठरतोच असे नाही. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत उतरते, आणि भिरा येथील वीजगृहाचे पाणी कुंडलिकेत येते. कोलाडचे राफ्टिंग सकाळी चालते ते याच पाण्यावर. म्हणजे उन्हाळ्यातही या नद्यांची पातळी दिवसातून काही तासांत बदलते आणि तो बदल आकाशाकडे पाहून कळत नाही. वीजगृहाच्या कार्यालयाला लेखी पत्र द्यावे, कामाची जागा आणि तारखा कळवाव्यात, पाणी सोडण्याच्या वेळा विचाराव्यात आणि तरीही वरच्या बाजूला अर्ध्या किलोमीटरवर मोबाइल घेऊन एक माणूस बसवावा. वेळापत्रक हे विजेच्या मागणीवर चालते, तुमच्या बोअरवर नाही.

परवानग्यांचा पसारा मोठा आहे, पण त्यातल्या दोनच इथे सांगतो. खाडीत तराफा नांगरायचा असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाला कळवावे लागते, आणि वाटेत कांदळवन असेल तर एक फांदीही तोडण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे जावे. खांबाची जागा कांदळवनात असेल तर बोअरसाठी वाट ‘साफ’ करण्याचा विचार सोडून ओहोटीला चिखलावर फळ्या टाकून किंवा भरतीला होडीने सामान नेण्याची योजना करावी. कागदावरच्या परवानगीइतकेच महत्त्वाचे म्हणजे गावातल्या मच्छीमारांशी बोलणे. डोल जाळी कुठे लावतात, शिवल्या काढायला बाया कुठल्या चिखलात उतरतात, होड्यांची वाट कुठून जाते, हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांच्यापैकीच एक होडी आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, कामावर घ्यावा. नदीचा तळ त्याला तुमच्या नकाशापेक्षा चांगला माहीत असतो.

आणि मगरी. वाशिष्ठी आणि सावित्री या दोन्ही नद्यांत मगरी आहेत. हिवाळ्यात सकाळी त्या वाळूच्या पुळणीवर उन्हाला येऊन पडतात. त्या उगाच कोणाच्या वाटेला जात नाहीत, पण दिवसभराच्या घामानंतर कामगार संध्याकाळी पाण्यात उतरतो, उरलेले मासे धुऊन तिथेच टाकतो, तेव्हा ती वाट आपण आखून दिलेली असते. आंघोळीसाठी काठावर टाकी ठेवावी आणि पाण्यात उतरण्यास स्पष्ट मनाई करावी.

दरडीवरून खाली

जिथे ट्रक जात नाही तिथे यंत्र तुकड्यांनी जाते. आपल्याकडे वापरले जाणारे लहान रोटरी यंत्र इंजिन, गिअरपेटी, विंच, पाण्याचा पंप आणि सांगाडा अशा भागांत सुटते. पूर्ण यंत्राचे वजन टनाच्या आसपास असले तरी सर्वांत जड सुटा भाग किती किलोचा आहे, हा खरा प्रश्न असतो. ठेकेदाराला हाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. केसिंगचा दीड मीटरचा एक नळ वीस-पंचवीस किलोचा असतो. वीस मीटरच्या बोअरला दोन जाडींचे केसिंग लागले तर नुसते नळच अर्ध्या टनाच्या पुढे जातात, आणि तेही सगळे त्याच पायवाटेने उतरवायचे असतात.

वाट तयार करायला दोन दिवस लागले तरी चालतील. जांभ्याच्या दरडीत पायऱ्या खणता येतात आणि त्या टिकतात. मातीच्या काठावर मात्र वाळूची पोती रचून पायऱ्या कराव्यात. जड भागासाठी वरच्या बाजूला ट्रायपॉड उभारून चेनकप्पी लावावी. ती झाडाला बांधण्याची पद्धत सर्रास दिसते. काठावरच्या झाडाची मुळे पुराने उघडी पडलेली असतात, म्हणून आधी मुळाशी जाऊन पाहावे, नाही तर आत जमिनीत पहारी ठोकून त्यांना दोर बांधावा. ओझे उतरत असताना त्याच्या खालच्या उतारावर कोणीही उभे राहता कामा नये. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि ‘जरा डावीकडे घ्या’ म्हणायला कोणी तरी नेमका तिथेच जाऊन उभा राहतो.

एवढे करूनही ठिपक्यावर पोहोचता येत नसेल तर बोअर सरकवावा, पण किती मीटर, कोणत्या दिशेला आणि का सरकवला हे त्याच दिवशी संकल्पकाला कळवावे आणि बोअरच्या नोंदीवर प्रत्यक्ष जागेचे निर्देशांक लिहावेत. सरकवलेला बोअर चालतो. जुन्याच निर्देशांकांवर नोंदलेला सरकवलेला बोअर धोकादायक असतो.

पाण्यावर उभे राहणे

पाणी मीटरभर असेल आणि ओढ कमी असेल तर वाळूच्या पोत्यांचे बेट करणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्थिर. बेट करण्याआधी मूळ तळाची पातळी मोजून ठेवावी, नाही तर पहिला दीड मीटर ‘मध्यम घट्ट वाळू’ म्हणून अहवालात जातो आणि ती वाळू आपणच आणून टाकलेली असते. काम संपल्यावर पोती काढून न्यावीत. दोन-तीन मीटर पाण्यात आणि मऊ तळात बल्ल्या ठोकून किंवा लोखंडी नळांचा सांगाडा उभा करून मचाण करता येते. त्याहून खोल पाण्यात तराफा लागतो.

तराफ्याचा हिशोब सोपा आहे, तरी तो क्वचितच कोणी करतो. दोनशे लिटरचे पत्र्याचे पिंप पूर्ण बुडाले तर स्वतःचे वजन वजा जाता साधारण १८० किलो तोलते. यंत्र एक टन, केसिंग आणि रॉड एक टन, सहा माणसे मिळून सव्वाचारशे किलो, पंप, डिझेल आणि गोड्या पाण्याची पिंपे दोनशे किलो, लाकडी-लोखंडी चौकट एक टन, असे सुमारे ३.६ टन होतात. पिंपे निम्मीच बुडावीत असे धरले तर एका पिंपाला ९० किलो, म्हणजे ४० पिंपे हवीत. इथे लोक म्हणतात की एवढी कशाला, पंचवीस पुरतात, कारण पंचवीस पिंपांवरही तराफा तरंगतो. अडचण येते ती शेवटच्या दिवशी. गाळात घट्ट बसलेले केसिंग उपसायला विंचने दोन टनांचा ताण दिला की तेवढेच दोन टन तराफ्याला खाली ओढतात, आणि तेही सगळे मधल्या भोकाच्या कडेला. पंचवीस पिंपांची पूर्ण बुडाल्यावरची क्षमता ४.५ टन, ओझे झाले ५.६ टन. चाळीस पिंपांची क्षमता ७.२ टन असल्याने तो ताण पेलला जातो. केसिंग उपसताना यंत्रावर गरजेपुरतीच माणसे ठेवावीत, बाकीच्यांना होडीत उतरवावे आणि विंचला सतत ताण देण्याऐवजी केसिंग फिरवून, थांबून, पुन्हा ताण द्यावा. पिंपांची तोंडे वरच्या बाजूला ठेवून रोज सकाळी हाताने वाजवून पाहावीत. पाणी शिरलेले पिंप बद्द वाजते.

नांगर चार कोपऱ्यांना चार, प्रत्येकाचा दोर खोलीच्या पाच ते सात पट लांब. नदीत वरच्या बाजूचे दोन नांगर जड ठेवतात. खाडीत प्रवाह दिवसातून चार वेळा दिशा बदलतो, म्हणून तिथे चारही सारखेच जड हवेत. भरतीबरोबर दोर सैल-ताठ करण्यासाठी एक माणूस पूर्ण वेळ नेमावा. त्याला दुसरे काम देऊ नये.

तरंगत्या तराफ्यावरून मातीतले काम नीट होते, खडकातले होतेच असे नाही. लाटेबरोबर तराफा हलला की बिटवरचा (खडक कापणाऱ्या टोकावरचा) दाब कमी-जास्त होतो, कोर (कापून वर काढलेला खडकाचा दंडगोल) तुटतो, आणि मग तुटलेल्या कोरवरून खडक भेगाळ असल्याचा निष्कर्ष निघतो. खाडीच्या मुखाजवळ किंवा उघड्या पाण्यात, खडकात पाच-सहा मीटर जायचे असेल, तर पाय टेकवून पाण्याच्या वर उचलला जाणारा जॅक-अप तराफा मागवावा. खर्च जास्त आहे. पण एका खांबाचा पाया चुकला तर त्याची भरपाई त्याहून कितीतरी मोठी असते.

माणसांसाठी जीवरक्षक जाकीट कामाच्या पूर्ण वेळ अंगावर, दोर बांधलेले रिंगबॉय हाताशी, आणि एक होडी तांडेलासह सतत तराफ्याला लागून. सामान आणायला होडी काठाला गेली असेल तर तेवढा वेळ काम थांबवावे.

खोली कुठून मोजायची

एका खाडीवरच्या कामात एकाच खांबाखाली चार मीटर अंतरावर दोन बोअर घेतले होते आणि दोन्हींत कातळाच्या पातळीत जवळजवळ दोन मीटरांचा फरक आला. संकल्पकाने तिथे भ्रंशरेषा असावी असे गृहीत धरून पायाचा प्रकार बदलण्याचा प्रस्ताव दिला. मी ड्रिलरची मूळ वही मागवली. पहिल्या बोअरचा कातळ ओहोटीला लागला होता, दुसऱ्याचा भरतीला, आणि दोन्ही वेळा खोली तराफ्याच्या फळीपासून मोजली होती. त्या जागी भ्रंश नव्हता, उधाण होते.

म्हणून तरंगत्या तराफ्यावरून खोली कधीही फळीपासून किंवा पाण्यापासून मोजू नये. तळात घट्ट बसलेले केसिंग हे त्या जागेवरचे एकमेव स्थिर टोक असते. केसिंग बसल्यावर काठावरच्या पक्क्या बेंचमार्कवरून (पातळी माहीत असलेल्या खुणेवरून) लेव्हल यंत्राने त्याच्या माथ्याची पातळी घ्यावी, ती वहीत लिहावी, माथ्यावर रंगाने खूण करावी, आणि पुढची प्रत्येक खोली त्या माथ्यापासून मोजावी. माथ्याला नवा नळ जोडला किंवा केसिंग आणखी खाली गेले की पातळी पुन्हा घ्यावी. मऊ गाळात केसिंग स्वतःच्या वजनाने रात्रभरात हातभर खचू शकते, म्हणून सकाळी काम सुरू होण्याआधी ती तपासणे हे पहिले काम.

बेंचमार्कच्या बाबतीतही एक गफलत नेहमी होते. जमिनीची पातळी सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, तर बंदराच्या भरतीच्या तक्त्यातले आकडे चार्ट डेटमपासून, म्हणजे जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून असतात, आणि कोकणात या दोहोंत एक मीटरहून अधिक अंतर असते. भरतीच्या तक्त्यातला आकडा उचलून त्यावरून तळाची पातळी काढू नये.

गाळ, वाळू आणि पाणी

खाडीतला काळा गाळ इतका मऊ असतो की प्रमाणित भेदन चाचणीत (नमुना-नळी ठोकून ठोके मोजण्याच्या चाचणीत) ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायची वेळच येत नाही; नमुना-नळी रॉडच्या वजनानेच खाली जाते. अशा वेळी एन (ठोक्यांचा आकडा) शून्य लिहून पुढे जाऊ नये, ‘रॉडच्या वजनाने इतके सेंटिमीटर’ असे स्पष्ट लिहावे. अशा थरात या चाचणीपेक्षा व्हेन शिअर (मातीत पाती फिरवून तिची ताकद मोजणे) आणि पातळ भिंतीच्या नळीतला अविचलित नमुना जास्त उपयोगाचा. नळी दाबून बसवल्यावर लगेच ओढू नये. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग हळू फिरवून काढावी, दोन्ही तोंडांना मेण ओतावे आणि होडीतून काठापर्यंत ती उभीच धरून न्यावी. फळीवर आडवी टाकलेली आणि होडीच्या इंजिनाने तासभर हादरलेली नळी प्रयोगशाळेत पोहोचते तेव्हा आत गाळाचा फक्त रंग मूळचा उरलेला असतो.

वाळूत उलटा धोका असतो. बोअरमधले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली गेले की तळातून वाळू उसळून केसिंगमध्ये वर येते, आणि त्या मोकळ्या झालेल्या वाळूत घेतलेल्या चाचणीचा आकडा फसवा, कमी येतो. भरती चढत असताना हे नकळत घडते: बाहेरची पातळी वाढते, आतली तशीच राहते. म्हणून केसिंग पाण्याच्या कमाल पातळीच्या वर ठेवावे आणि आत पाणी काठोकाठ भरलेले असावे. रॉड वर काढतानाही हळू काढावेत आणि सोबत पाणी भरत राहावे. चाचणीआधी तळ मोजावा. आधी गेलेल्या खोलीपेक्षा तळ वर आला असेल तर वाळू आत आली आहे. साफ केल्याशिवाय चाचणी घेऊ नये.

बेंटोनाइट (बोअरची भिंत टिकवणारी, पाण्यात फुगणारी माती) वापरायचे असेल तर ते गोड्या पाण्यात, शक्यतो आदल्या दिवशी, भिजवावे. खाऱ्या पाण्यात ते नीट फुगत नाही, गुठळ्या होऊन खाली बसते. काठावर विहीर असूनही खाडीतल्या पाण्याची बादली ओढणे सोपे, म्हणून ही चूक रोज कुठे ना कुठे होत असते.

धोंडा की कातळ?

घाटातून उतरणाऱ्या नद्यांच्या पात्रात पुराने आणलेले धोंडे पुरुषभर उंचीचे असतात, आणि गाळाखाली गाडलेला असा धोंडा ड्रिलिंगमध्ये हुबेहूब कातळासारखा लागतो. तोच काळा बेसॉल्ट, तोच आवाज, तसाच लांब, सुंदर कोर. चाचणीत दहा ठोक्यांत नमुना-नळी हलली नाही की ‘कातळ लागला’ म्हणून लिहायची घाई होते. रूढ निकषांनुसार १५ सेंटिमीटरला ५० ठोके लागले, ३० सेंटिमीटरला १०० लागले किंवा सलग दहा ठोक्यांत प्रगती झाली नाही तर नोंदीत रिफ्युजल, म्हणजे नळी पुढे जात नाही, असे लिहायचे असते; पण रिफ्युजल म्हणजे कातळ नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

खात्री करण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे कोर घेत पुढे जाणे. माझी पद्धत अशी की सलग तीन मीटर एकाच जातीचा खडक मिळेपर्यंत ‘कातळ’ हा शब्द लिहायचा नाही, आणि घाटाच्या पायथ्याच्या नद्यांत पाच मीटर. वाटेत खुणा मिळत असतात. धोंड्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना तपकिरी, झिजलेली साल असते. कातळाला ती वर असते, खाली नसते. रॉड अचानक काही सेंटिमीटर खाली पडला आणि परतणाऱ्या पाण्यात वाळू आली, तर वरचा दगड धोंडा होता. शेजारच्या दोन बोअरमध्ये ‘कातळा’ची पातळी मीटर-दोन मीटरने वरखाली असेल आणि काठावर घोड्याएवढे धोंडे पडलेले दिसत असतील, तर अहवाल लिहिण्याआधी पुन्हा बोअर घ्यावा.

परतणाऱ्या पाण्याच्या रंगाकडे ड्रिलरचे लक्ष असते, अभियंत्याचे नसते. राखाडी पाणी अचानक विटकरी झाले तर तांबडा बोल लागला. पाणी परत यायचेच थांबले तर भेग. ज्या खोलीवर हे घडले ती त्याच क्षणी लिहावी. बोलाचा थर इतका मऊ असतो की एकेरी नळीच्या कोर बॅरलमध्ये (कोर झेलणाऱ्या नळीत) तो धुऊन जातो आणि कोरपेटीत फक्त रिकामी जागा उरते. दुहेरी नळीचे बॅरल हवेच, बोल अपेक्षित असेल तिथे तिहेरी. रन, म्हणजे एका वेळी कापायचा टप्पा, दीड मीटरपेक्षा मोठा घेऊ नये आणि खडक कुजका असेल तर तो अर्धा करावा. एनएक्स आकाराचा ५४.७ मिलिमीटरचा कोर मिळेल असे पाहावे. त्याहून बारीक कोर हाताळतानाच तुटतो.

कोर पेटीत ठेवण्याचे काम तराफ्यावरच व्हावे, काठावर गेल्यावर नव्हे. प्रत्येक रनच्या शेवटी खोली लिहिलेला लाकडी ठोकळा ठेवावा, न मिळालेल्या भागाच्या जागी तेवढ्याच लांबीचा ठोकळा ठेवावा आणि ओल्या कोरचा फोटो घ्यावा. आरक्यूडी (खडक किती अखंड आहे याचे प्रमाण) मोजताना १० सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांची बेरीज रनच्या लांबीने भागायची; पण ताजा, खडबडीत तडा यंत्राने केलेला असतो आणि तो जोडून एकच तुकडा धरायचा. तराफ्यावर हा फरक दिसतो, आठ दिवसांनी गोदामात दिसत नाही. बोलाचे तुकडे उन्हात सुकले की भेगाळतात आणि पाण्यात विरघळतात. ते लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवावेत.

काठावरचे बोअर

काठावरचा बोअर सोपा समजून नवख्याकडे सोपवला जातो. यंत्र उभे करण्याआधी काठाला समांतर भेगा आहेत का ते गवत बाजूला करून पाहावे. वेगळे काही सिद्ध होत नसेल तर मी काठाच्या उंचीइतके अंतर आत यंत्र ठेवतो, आणि ड्रिलिंगचे पाणी काठाकडे न सोडता मागच्या खड्ड्यात घेतो. जांभ्याच्या टोपीखाली पांढरट-गुलाबी चिकणमाती असते. वरचा जांभा दगडासारखा वाटतो, पण पाणी मुरले की खालची माती लोण्यासारखी होते, आणि दरड सुटते ती तिथूनच.

भूजलाची पातळी एकदा मोजून भागत नाही. बोअरमध्ये जाळीचा नळ बसवून चोवीस तासांनी एका भरतीला आणि एका ओहोटीला पातळी घ्यावी. काठावरचे पाणी नदीबरोबर हलत असेल तर पायाच्या खड्ड्यातला उपसा किती होईल, हे ठेकेदाराला आधीच कळते.

काम संपल्यावर केसिंग काढत-काढत बोअर सिमेंट-बेंटोनाइटच्या घोळाने तळापासून वर भरावा. उघडा राहिलेला बोअर पुढे पुलाचा विहिरीच्या आकाराचा पाया घालताना किंवा पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) करताना पाणी आणि वाळू वर येण्याची वाट बनतो. केसिंग निघालेच नाही तर ते तळाच्या पातळीवर कापावे, त्याची जागा मच्छीमार सोसायटीला आणि सागरी मंडळाला कळवावी. पाण्याखाली वीतभर राहिलेल्या नळाने होडीचा तळ फाटतो आणि डोल अडकून फाटते. नांगर उचलण्याआधी केसिंगच्या माथ्याची शेवटची पातळी आणि वेळ वहीत लिहून त्यावर ड्रिलरची आणि स्वतःची सही घ्यावी, आणि त्या पानाचा फोटो होडीत बसण्याआधी काढावा, कारण वही पाण्यात पडते ती नेहमी परतीच्या होडीतून.